पंचेचाळीसची काठी

“मोजा, गुरुजी,” भिका म्हणाला आणि वाणगावहून खांद्यावर आणलेले दोन बांबू त्याने पालकसभेच्या मधोमध टाकले.

उमेश गुरुजींनी त्याच्या कमरेच्या कोयत्याकडे पाहिलं आणि निमूट टेप काढली. एक बांबू भरला ४.५ मीटर, दुसरा ३.१५.

“आता दोन्हींचे सारखे तुकडे सांगा. लांबात लांब. आणि कांडकंही उरता कामा नये.”

भिकाची बायको कविता याच शाळेत खिचडी रांधायची. घराच्या भिंतींसाठी बांबूचे कूड विणण्यात तिचा जन्म गेला होता. दोन वर्षांपूर्वी गुरुजी मसावि शिकवत होते, म्हणजे दोन्ही संख्यांना पुरं बसणारं मोठ्यात मोठं माप. कविता दारातून म्हणाली, “गुरुजी, आमच्या बांबूंचाही निघतो. एक साडेचार मीटरचा, एक तीन पंधराचा.”

“मसावि पूर्ण संख्यांचा असतो, दशांशांचा नाही. तू खिचडी ढवळ.”

सगळा वर्ग हसला होता. पुढच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. ते हसणं मात्र भिकाच्या कानातून गेलं नाही. त्याला ते गुरुजींच्या घशात घालायचं होतं. याच खोलीत, सगळ्या पाड्यासमोर.

गुरुजींनी खडू उचलून दोन्ही आकडे फळ्यावर मांडले. भिकाने कविताने कापलेली काठी पुढे केली. पंचेचाळीस सेंटिमीटरची.

“हिने मोजा. खाली बसून. मोठ्याने.”

गुरुजी गुडघ्यांवर सरकत गेले. पहिल्या बांबूवर काठी दहा वेळा बसली, दुसऱ्यावर सात. बोटभरही उरलं नाही.

“आता खिचडी तुम्ही ढवळा, गुरुजी,” कविताबरोबर खिचडी रांधणारी जमना मागून म्हणाली. खोली हसली. भिकाने ते हसणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

गुरुजी उठले. “चुकलं माझं. सेंटिमीटर करून पाहायला हवं होतं. साडेचारशे आणि तीनशे पंधरा. मसावि पंचेचाळीस, म्हणजे शून्य पॉइंट पंचेचाळीस मीटर.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “पण भिकाभाऊ, त्या दिवशी ती रडत म्हणाली होती, घरी नवऱ्याला मोजून दाखवते, तो तरी मानेल. दाखवलं नाही तिने?”

भिकाने काठी परत घेतली.

“त्यासाठीच तर कापली होती,” तो म्हणाला. “मी हातात घेतली नाही. म्हटलं, तुला गुरुजींपेक्षा जास्त कळतं होय?”