थाप्याचं कापड

लिंबू चोळलं तसा लाल पंजा पिवळा झाला. साबण लावला, तर पुन्हा लाल. सुषमाने सकाळपासून टोपलीभर लिंबं संपवली होती, आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवरचे लेकीचे दोन पंजे लिंबाने हळद होत होते, साबणाने कुंकू. जायचं नाव काही घेत नव्हते.

परवा वर्षाची पाठवणी झाली. पोर सुरतेच्या नवागामात वाढलेली. तिला तिथल्या मैत्रिणींसारखे सासरी निघताना भिंतीवर कुंकवाचे थापे उमटवायचे होते. घरमालकीण हंसाबेन मोठ्या हौशी. हळदीत चुना कालवून कुंकू त्यांनीच ताटात आणलं. पण भिंतही त्यांचीच होती.

"दिवाल हमणां ज रंगावी छे, हं सुषमा!" भिंत नुकतीच रंगवलीय, असं म्हणून त्यांनी ताट तेवढं पुढे केलं.

मग सुषमाने हाताला लागलं ते पांढरं ओढलं. जेवणाच्या रिकाम्या टेबलावरचं कापड. ते मंडपवाल्याचं आहे, हे त्या रडारडीत कुणाच्या ध्यानात राहणार? वर्षाने दोन्ही हात त्यावर दाबून धरले. हंसाबेन डोळे पुसत म्हणाल्या, "दीकरी जाय, पण एनो हाथ घरमां रहे." लेक गेली तरी तिचा हात घरात राहतो. हे बोलणं सुषमाच्या काळजात घर करून बसलं. कापडाची घडी तिने त्याच रात्री पेटीत ठेवली.

आणि आज सकाळी दत्तूभाऊ मंडपवाला दारात उभा. संध्याकाळी कामरेजला जेवणावळ होती. टेबलांची कापडं सगळी एका मापाची, एक कमी पडलं की टेबल उघडं दिसणार. सुषमाने थापे दाखवले आणि बदल्यात आहेरात आलेली कोरी चादर पुढे केली.

"वहिनी, दुसरं काही असतं तर मी नाही म्हणलो असतो का?" दत्तूभाऊ म्हणाला. माणूस भला होता, हीच तर अडचण होती. "दुपारी येतो. तेवढा डाग काढून ठेवा."

डाग! सुषमाला तो शब्द झोंबला. पण परक्याची वस्तू ती परक्याचीच. फोटो होते, सगळ्यांच्या मोबाइलात होते. पण फोटोतला हात नखाएवढा, त्यावर आपला हात कसा ठेवायचा?

कुंकू कशाने जाईल, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. हळदीला ऊन सोसत नाही, हे तिच्या खानदेशात शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणूनच ती मोरीत बसून घासत होती आणि कापड उन्हात नेत नव्हती. दत्तूभाऊने आपले सोललेले हात पाहावेत, मान हलवावी आणि म्हणावं, राहू द्या वहिनी, ठेवा तुम्हालाच. एवढ्या एका आशेवर तिचं घासणं चाललं होतं.

"अरे, तडकामां नाख ने! ऊन लागलं की जाशे," मोरीच्या दारातून हंसाबेन म्हणाल्या. बाई कामाची. बोलून थांबल्या नाहीत, बादली उचलून गच्चीवर गेल्या, कापड झटकून दोरीवर टाकलं, चारी टोकांना चिमटे लावले आणि पुण्य केल्यासारख्या खाली उतरल्या.

मागोमाग सुषमा वर गेली. सुरतेचं ऊन, त्याला कुणाची भीड! डावा पंजा बघता बघता फिकुटला. आधी बोटं गेली, मग तळवा. सुषमा पुढे झाली आणि उजव्या पंजावर आपली सावली पडेल अशी उभी राहिली. ऊन सरकलं की तीही सरकायची. पाठ भाजून निघाली तरी ती हलली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. बारडोलीहून, सासरहून, वर्षा.

"माय, मी रविवारले येऊ का?"

"इतली लवकर? लोके काय म्हनतीन?" सुषमा बोलून गेली आणि लगेच चपापली. "काय व्हयनं बेटा?"

"काही नही." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "थापा शे ना माय, आपला घरमा?"

सुषमाने समोर पाहिलं. डावीकडे कापड धुतल्या तांदळासारखं झालं होतं. उजवीकडे, तिच्या सावलीत, पाच बोटं अजून पिवळी होती.

"शे," आहे असंच ती म्हणाली. "शे ना बेटा."

"मंग बरं."

जिन्यात चपला वाजल्या. दत्तूभाऊ गच्चीवर आला, कापडाचं टोक धरून त्याने निरखून पाहिलं आणि खूश झाला. "वा वहिनी! एक तर गेलासुद्धा. हा राहिलेला आत्ता जाईल." त्याने आभाळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "जरा बाजूला व्हा बरं. तुमचीच सावली पडतीये त्याच्यावर."

सुषमाने तोंड उघडलं. नको, एवढंच म्हणायचं होतं.

"माय, ऐकी राहिनी ना तू?" कानात वर्षा विचारत होती.

सुषमा बाजूला झाली.