ब्लडी म्हंजी काय?

पिंपरीच्या नव्या कारखान्यातला गोरा साहेब उठताबसता ‘ब्लडी’ म्हणायचा. शौकत फिटर म्हणे, ती रक्ताची शपथ. ज्योतीराम म्हणे, त्याचा अर्थ नुसता ‘लई’. हिंदुराव पूर्वी देहूरोडच्या डेपोत गोऱ्यांच्या हाताखाली राबलेला, तो छातीठोक सांगे, “आरं, शिवी हाय ती!”

शेवटी तिघं साहेबालाच विचारायला गेले, तर मोटार सुरू होईना म्हणून साहेब तापलेला. चाकाला लाथ हाणत तो ओरडला, “आयला!”

तिघं खो खो हसत सुटले.

साहेबानं हौसेनं विचारलं, “तुमच्याकडून शिकला मी. आयला म्हणजे काय?”

शौकत आभाळाकडं बघू लागला, ज्योतीराम पायांकडं. उरला हिंदुराव. खरं सांगावं तर नोकरी जायची.



“तेच की, साहेब... ब्लडी!”