लोखंडी कड्या

दाऊद शिकलगाराने चिलखत मांडीवर पसरलं आणि छातीवरच्या भोकाच्या कडेने अंगठा फिरवला. तुटलेल्या कड्या आतल्या बाजूला वळल्या होत्या. पाठीवरच्या सगळ्या शाबूत होत्या.

"वहिनी, भाला समोरून आलाय," तो म्हणाला. "त्यांनी पाठ दाखवली नव्हती."

सगुणा पुढे सरकून चिलखतासमोर बसली. तिचा नवरा रणातून पळताना मेला, असं गाव वर्षभर बोलत होतं. प्रेत आलंच नव्हतं. घोंगडीत गुंडाळलेलं हे चिलखत तेवढं आलं होतं आणि ते उलगडून बघायचा तिला धीर झाला नव्हता. आता मुलगा फौजेत निघाला, म्हणून ते दुरुस्तीला आणलं होतं.

"भोक पितळी कड्यांनी भरा," मुलगा म्हणाला. "आबांना घाव कुठे लागला ते लांबूनही दिसलं पाहिजे."

"पितळ मऊ असतं, पोरा. भाला पुन्हा तिथूनच शिरेल." दाऊदने एक नवी कडी उचलली. "लोखंडी कडी शेजारच्या चार कड्यांत ओवून तिच्या तोंडाशी खिळा ठोकला की ती सुटत नाही. पण पुढे ती जुन्यांत मिसळून जाते. भोक कुठे होतं, ते मग मलाही सांगता येणार नाही."

मुलगा आईकडे बघत राहिला. सगुणाने भोकात बोटं घातली.

"लोखंडी घाला," ती म्हणाली. "गाव काय, बोलतंच."

दाऊदने हातोडी घेतली. तिची बोटं अजून तिथेच होती.