टाळ्या

जानेवारीचा उन्हाळा, अर्जेंटिनातल्या नेकोचेआचा किनारा आणि तीन दिवस माझ्या पुस्तकाचं तेच पहिलं प्रकरण. "आई, डोळ्यात वाळू गेली!" "अगं, थर्मास कुठं ठेवलास?" पुस्तक उघडलं की सगळ्यांना मीच आठवते. शेवटी नवरा घोरायला लागला, लेक आयलेन वाळूत खड्डा खणत बसली आणि मी पुस्तकात बुडाले.

तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. कुणाचं तरी पोर चुकलं. आता इथल्या रीतीप्रमाणे आई सापडेपर्यंत त्याला खांद्यावर घेऊन लोक टाळ्या वाजवत फिरणार. "काय एकेक आया असतात!" म्हणत मीही मान वर न करता चार टाळ्या वाजवल्या.

टाळ्या माझ्या छत्रीपाशी येऊन थांबल्या. "पोरी, ही का गं तुझी आई?"



"हो," खांद्यावरून आयलेन कुजबुजली. "पण काका, अजून एक चक्कर मारू या ना. आत्ता कुठे तिला वाचायला मिळतंय."