अंगणातली जेटस्की

“बाबा, आज इंजिन मी धुऊ?”

हे विचारायची हिंमतच नाही तुझ्यात, असं मैत्रिणींनी डिवचलं होतं. म्हणून केतकीने विचारलं, आणि बाबा चक्क ‘हो’ म्हणाले. समुद्रावरून आणलेली जेटस्की, इंजिनातलं खारं पाणी गोड्या पाण्याने धुऊन काढायला, अंगणात ट्रॉलीवर उभी होती. उद्यापासून पर्यटक येणार होते आणि घर त्या एकाच जेटस्कीवर चालायचं.

केतकीने इंजिनाला नळाचा पाइप जोडला, ऐटीत नळ सोडला आणि व्हिडिओ काढणाऱ्या मैत्रिणीच्या मोबाइलसमोर उभी राहिली. “पाण्याबाहेर इंजिन कोरडं चालवलं तर तापून जळतं, बरं का मुलींनो!” वर्गात बाईसुद्धा एवढं बोलत नाहीत. शेवटी तिने बटण दाबलं. इंजिन एकदा गुरगुरलं आणि गप्प झालं.

बाबा धावत आले. “आधी काय सुरू केलंस गो?”

“नळ.”

बाबांचा चेहरा उतरला. “बंद इंजिनात पाणी उलटं शिरतं. क्षणभर कोरडं चाललं तर काही होत नाही.”

“आणि भाषण किती वेळ चाललं?” आईने पायरीवरून विचारलं.

बाबांनी इंजिनाचे स्पार्क प्लग काढून बटण दाबलं. आतलं पाणी उडालं ते थेट वाकून बघणाऱ्या केतकीबाईंच्या तोंडावर. मोबाइल अजून चालूच होता. ते प्लग पुन्हा बसवल्यावर इंजिन एकदाचं धडधडलं, तेव्हा केतकी रडली. पण इतकी भिजली होती, की कुणाला कळलंच नाही.

“आई, बाबा, माझं ठरलं,” नाक पुसत ती म्हणाली. “उद्यापासून रोज इंजिन मीच धुणार. आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. आणि भाषण सगळ्यात शेवटी.”