एकमताने मंजूर

"उन्हाळा दरवर्षी वाढतोय, वीज आता आपणच वाचवायला हवी," असं म्हणत आमच्या इमारतीच्या अध्यक्षांनी दुपारी लिफ्ट बंद ठेवायचा ठराव मांडला. प्रयोग म्हणून आजपासून ती बंदच होती. तळमजल्यावरच्या सभेत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि सेक्रेटरी म्हणून मी सारखा जिन्याकडे बघत होतो.

"विरोधात असतील त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"लिहा, एकमताने मंजूर," अध्यक्ष मला म्हणाले. मी पेन टेकवलं, तेवढ्यात जिन्यातून काठीची टकटक ऐकू आली आणि पाठोपाठ सातव्या मजल्यावरच्या मास्तरांचा धापा टाकणारा आवाज.



"अहो, अजून दोन मजले उतरायचेत. तोवर माझा हात वर आहे असं धरा."