आमिषाशिवाय

डॅन्यूब नदीवर स्टर्जन मासा धरायला बंदी आहे. आमच्या गावात तर तो मासा कुणी पाहिलेलाही नाही, असं विचारलं तर सगळेच सांगतात. म्हणून मत्स्यखात्याचे नवे निरीक्षक धक्क्यावर येऊन बसले आणि जप्त केलेल्या, ओळीनं गळ बांधलेल्या दोरीच्या एकेका गळाला सावकाश आमिष लावू लागले.

म्हातारा लव्रेंती अर्धा तास दात आवळून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"साहेब, स्टर्जन काय जेवायला येतो? गळ नुसते धारदार हवेत, तळापासून वीतभर वर. मासा घासून जाताना एक रुततो, तडफडला की शेजारचे चार रुततात."

"बरीच माहिती आहे, आजोबा. होडी जप्त."

लव्रेंतीची बायको धावत जाऊन पाद्रीबाबांना घेऊन आली.

"ऐकीव बडबड आहे हो," पाद्रीबाबा दाढी कुरवाळत म्हणाले. "यानं जन्मात स्टर्जन धरलेला नाही. म्हाताऱ्याची होडी सोडा."

"म्हणजे वीतभर वर, हीसुद्धा थापच?" निरीक्षकांनी विचारलं.


"थाप नाही, चूक आहे. सध्या पाण्याला ओढ आहे, गळ हातभर वर हवेत. वीतभर ठेवले म्हणून तर परवा माझा निसटला."